पोलिसाचा आवाज: खाकीत जाण्याआधीचा की गेल्यानंतरचा?

तळ्याकाठचा (मये)

यंदा गणेशचवथीच्या आदल्या रात्री घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधत होतो. धाकटा भाऊ शिडीवर, माझा अकरा वर्षांचा मुलगा खालून एकेक वस्तू वर देत होता. सुपारीचं शिपटं झालं, आंबाडे झाले, मग एक तोरिंग त्याच्या हातातून सुटलं आणि समईला लागून घरंगळत गेलं. वरून आवाज आला, "ए! बाजूक राव! सांगिल्लें कळना तुका?"

शब्द साधेच आहेत, पण तो आवाज आमच्या घरातला नव्हता. आई नारळाला दोरी बांधत होती, तिचे हात थांबले. भाऊ लगेच खाली उतरला, पोराला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. तरी पोर त्या रात्री काकाच्या शेजारी जेवायला बसलं नाही. एरवी त्या जागेसाठी त्याचं बहिणीशी भांडण होतं.

भाऊ पोलीस शिपाई आहे. लहानपणी मास्तर त्याला "जरा मोठ्याने वाच" म्हणायचे. घुमट आरतीत तो मागच्या रांगेत उभा राहून म्हणायचा. पोलीस व्हायचं असं त्याच्या मनातही नव्हतं. तो खाणीच्या वजनकाट्यावर होता. २०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या आणि आमच्या भागातल्या शेकडो मुलांसारखा तोही घरी बसला. मग निघेल तो सरकारी अर्ज भरला: वनरक्षक, वीज खातं, अग्निशामक दल, पोलीस. त्याचा वाड्यावरचा मित्र रोज त्याच्याबरोबर मैदानावर धावायचा, दोघांनी सगळे अर्ज एकत्र भरले. मित्राला अग्निशामक दल मिळालं, ह्याला पोलीस.

म्हणून हा प्रश्न मला छळतो. दोघे एका वाड्यावरचे, एका शाळेतले, दोघेही गणवेशात, दोघांनाही रात्रपाळी. मित्र पावसाळ्यात पडलेली झाडं कापतो, विहिरीत पडलेली गुरं काढतो, जळालेली माणसंही बाहेर काढतो. तो अजून तसाच बोलतो. माझा भाऊ तसा बोलत नाही.

लोक सहज म्हणतात, "मुळात तसलेच लोक पोलिसात जातात." मला ते पटत नाही. पण मी त्याचा भाऊ आहे, कदाचित मला दिसत नसेल. या मंचावर पोलीस खात्यातले, खात्याबाहेरचे बरेच जण आहेत. मनापासून विचारतो आहे.

शिरसईकर

तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, पण माझा अनुभव उलटा आहे. माझ्या वर्गातले तिघे पोलिसात गेले. त्यातले दोघे शाळेतच दुसऱ्यांचे डबे हिसकावून घ्यायचे. खाकी अंगावर चढली आणि तेच करायचा परवाना मिळाला. तिसरा शांत होता, तो आजही शांत आहे. म्हणजे माणूस मूळचा असेल तसाच राहिला.

गेल्या वर्षी माझ्या दुचाकीला अपघात झाला. माझी चूक नव्हती. ठाण्यात गेलो तर पहिलं वाक्य, "कोण तूं? खंयचो?" माझं वय ५२. कपाळाला टाके होते. दीड तास बाकावर बसवलं आणि मग "तक्रार घेवंक सायब ना, फाल्यां यो", म्हणजे उद्या ये. समोरच्या टेबलावरचा तो शिपाई पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. इतक्या थोड्या नोकरीत नोकरीने त्याला काय बिघडवलं असणार? तो येतानाच तसा आला असणार.

निवृत्त_१९८५

शिरसईकर बाब, तुम्हाला त्या दिवशी जे झालं ते चूकच. मी ३८ वर्षं खात्यात काढली, १९८५ ला शिपाई लागलो, एएसआय (सहायक उपनिरीक्षक) म्हणून निवृत्त झालो. पण "इतक्या थोड्या नोकरीत" याबद्दल लिहितो, कारण माणूस बदलतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच. पुढची पस्तीस वर्षं त्याच मापाची चालतात.

माझ्या पहिल्या वर्षातल्या दोन गोष्टी.

एक. पहाटे तीनला एका घराचं दार ठोठावायचं होतं. मुलगा हमरस्त्यावर दुचाकीच्या अपघातात गेला होता. माझ्याबरोबरचा हवालदार जीपमधून उतरलाच नाही, म्हणाला, "तूं वच, शिकचें पडटलें." दार आईने उघडलं. काय बोलायचं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. मी रडलो. माझा चेहरा पाहून ती बाई आधी मलाच विचारायला लागली, "बाबा, तुका कितें जालें?" परत येताना हवालदार म्हणाला, पुढच्या वेळी सपाट आवाजात सांग, एका वाक्यात सांग आणि वळ. तो दुष्ट नव्हता. त्याने असे शंभर दरवाजे वाजवले असतील. पुढच्या वेळी मी सपाट आवाजात सांगितलं, आणि खरंच ते सोपं गेलं. माझ्यासाठी सोपं गेलं, समोरच्यासाठी नाही. हे मला फार उशिरा कळलं.

दोन. त्याच वर्षी तीन माणसं माझ्यासमोर ढसाढसा रडली. तिघांवर मी विश्वास ठेवला आणि तिघंही खोटं बोलत होती. एकाने तर स्वतःच्या बहिणीचे दागिने विकून चोरीची तक्रार दिली होती. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर माझी जी खरडपट्टी काढली, ती आजही कानात आहे. त्यानंतर चौथा माणूस रडत आला तेव्हा मी वहीतून मान वर केली नाही. तो खरं बोलत होता.

तळ्याकाठचे बाब, तुमच्या भावाच्या मित्राबद्दल लिहिलंत ते अगदी बरोबर आहे. आगीचा बंब आला की लोक रस्ता सोडतात, पाणी आणून देतात. १०१ लावणाऱ्याला बंब हवा असतो. पोलीस जिथे जातो तिथे दोन पक्ष असतात, त्यातल्या एकाला तो नको असतो, आणि काम संपेपर्यंत बहुतेक वेळा दोघांनाही नको झालेला असतो. हे रोज, वर्षानुवर्षं.

प्राध्यापिका_फोंडा

मी मानसशास्त्र शिकवते. निवृत्त_१९८५ यांचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवावा असा आहे.

या विषयावर अमेरिकेत साठच्या दशकापासून अभ्यास झाला आहे. आर्थर निडरहॉफर हे न्यूयॉर्क पोलिसात वीसहून अधिक वर्षं नोकरी करून समाजशास्त्रज्ञ झाले. लोकांबद्दलचा कडवटपणा नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत झपाट्याने वाढतो, असं त्यांना आढळलं. निवृत्त काका वर म्हणतात तेच. जेरोम स्कोलनिक यांनी १९६६ मध्ये मांडलं की धोका आणि अधिकार या दोन गोष्टी एकत्र आल्या की पोलिसाचा एक ठरावीक स्वभाव घडतो: संशयी, आणि आपल्याच लोकांत राहणारा.

पण दुसरी बाजू सोडून चालणार नाही. १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो. साध्या विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं, ते क्रूर वागायला लागले, दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. "नोकरी माणसाला बिघडवते" याचा पुरावा म्हणून तो पुढे केला जातो. माझं मत असं की त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. पहारेकऱ्यांनी कसं वागायचं याच्या सूचना त्यांना मिळाल्या होत्या, हे नंतर पुढे आलं. आणि २००७ मध्ये कार्नाहन आणि मॅकफार्लंड या दोघांनी एक साधी, हुशार गोष्ट केली. त्यांनी दोन जाहिराती दिल्या. एकीत "मानसशास्त्रीय अभ्यासासाठी विद्यार्थी हवेत" एवढंच. दुसरीत "तुरुंगातल्या जीवनाच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी". दुसरीला जे आले ते आक्रमकपणात आणि हुकूमशाही वृत्तीत वरचढ निघाले, आणि दुसऱ्याचं दुःख समजून घेण्यात कमी. जाहिरातीतल्या त्या एका शब्दाने माणसं वेचली होती.

म्हणजे शिरसईकर म्हणतात तशी वेचणी होऊ शकते. प्रश्न एवढाच की गोव्यात पोलीसभरतीची जाहिरात कोण वाचतं, आणि त्यात त्याला "पोलीस" दिसतो की "सरकारी नोकरी".

तळ्याकाठचा (मये)

सरकारी नोकरी. आमच्या वाड्यावर तरी निःसंशय तेच. भावाने त्या वर्षी चार खात्यांची मैदानं मारली. कुठल्या खात्याला किती मीटर धावायचं हे त्याला तोंडपाठ होतं, खातं काय करतं याच्याशी देणंघेणं नव्हतं.

खाकीतली

मी अजून नोकरीत आहे, म्हणून ठाणं लिहीत नाही.

मी भरती झाले तेव्हा माझा आवाज बारीक होता. तक्रार घेऊन आलेला माणूस माझ्यासमोर उभा राहून माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. "सायबाक आपय." मी म्हणायचे, मीच लिहून घेणार आहे, बसा. तो बसायचा नाही. त्यात बायकाही होत्या. मग एके दिवशी, रात्री दोनला, किनाऱ्यावरून उचलून आणलेले चार पर्यटक टेबलावर हात आपटून माझा फोटो काढत होते, तेव्हा मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा तसं ओरडले. चौघं गप्प बसले. बाकावरची म्हातारी, जी तासभर साहेबाला बोलवा म्हणत होती, तीसुद्धा सरळ बसली आणि मला "मॅडम" म्हणाली.

त्या रात्री मला कळलं की ठाण्यात शांत बोलणाऱ्याचं काम दुप्पट होतं. ओरडलं की निम्म्या वेळेत संपतं. बारा-चौदा तास उभं राहणाऱ्याला निम्मा वेळ म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. माझं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. आमच्याशी कसं बोललं जातं? रोलकॉलला पन्नाशीचा हवालदार उभा असतो आणि तिशीचा अधिकारी त्याला "तूं" म्हणतो. बूट मळले म्हणून सगळ्यांसमोर. तो हवालदार "येस सर" म्हणतो, आत येतो, टेबलावर बसतो. पहिला जो कोणी दारातून येतो त्याला तो काय म्हणणार? शिरसईकर बाब, तुम्हाला "कोण तूं" म्हणणाऱ्याला त्या सकाळी कोणीतरी तेच म्हटलेलं असणार. याने तुमचा अपमान कमी होत नाही. मला एवढंच सांगायचं आहे की ते "तूं" त्याने घरून आणलेलं नव्हतं.

कोर्टासमोर_मडगाव

वकिली करतो, फौजदारी बाजू. खाकीतली यांनी अगदी मर्मावर बोट ठेवलं आहे. त्याला थोडी कायद्याची जोड देतो.

आपला पोलीस कायदा १८६१ चा. १८५७ चं बंड मोडून काढल्यावर इंग्रजांनी केलेला, मुक्तीनंतर गोव्यालाही तोच लागू झाला. रयतेला धाकात ठेवणं हा त्याचा हेतू होता आणि त्यासाठी वरच्याचा हुकूम खालच्याने निमूट ऐकणं ही त्याची रचना. शिपायाने विचार करावा, समजूत काढावी, अशी त्यात अपेक्षाच नाही. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सुधारणांचे आदेश दिले. त्यात तपासाचं काम आणि बंदोबस्ताचं काम वेगळं करायला सांगितलं होतं. हे बोलण्याच्या ढंगाशी फार जवळून जोडलेलं आहे. सकाळी जमावाला मागे रेटणारा माणूस दुपारी बलात्काराची तक्रार लिहून घेतो. सकाळचा आवाज दुपारपर्यंत घशातून उतरत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तो जरा कडू आहे. उद्धटपणा हा नुसता स्वभावदोष नाही, ठाण्यात त्याचा उपयोग आहे. ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे. म्हणजे कायद्याने नकार देता येत नाही. मग नकार कशाने देतात? आवाजाने. "फाल्यां यो" हा कागदावर न येणारा नकार आहे. बाकावर दीड तास बसवलेल्या दहा माणसांतली चार उठून जातात. नोंद नाही, तपास नाही, आकडा वाढत नाही, वरून विचारणा नाही. ज्या टेबलावर गोड बोलणारा बसतो तिथे नोंदी वाढतात आणि कामाचा बोजाही त्याच्यावरच पडतो. असा माणूस त्या टेबलावर किती दिवस टिकेल?

शिरसईकर, तुम्ही राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे गेलात का? गोव्यात ते आहे. गंभीर गैरवर्तनासाठी आहे, पण लेखी कैफियत वरिष्ठांकडेही देता येते. आणि डी. के. बासू निकालापासून, म्हणजे १९९६ पासून, अटक किंवा चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. नाव वाचा आणि नावाने हाक मारा. "अमुक बाब, माझी तक्रार लिहून घ्या." पुष्कळदा एवढ्याने सूर उतरतो, मी पाहिलं आहे.

शिरसईकर

नाही गेलो. खरं सांगायचं तर परत त्या दारात जायची इच्छाच झाली नाही. शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली तेव्हा पंच म्हणून बोलावलं, तेव्हाही मी गेलो नाही. माझ्यासारखे गावात बरेच आहेत.

आजोबांचा_नातू (अस्नोडा)

मी जरा मागे जातो. आमच्या गावचे बाळा मापारी १९५५ मध्ये पोर्तुगीज पोलिसांच्या कोठडीत छळामुळे गेले. गोवा मुक्तिलढ्यातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आजोबा सांगायचे, त्या काळी "आजेंत मोंतेर" एवढं म्हटलं की घरातलं रडणारं मूल गप्प बसायचं. पोर्तुगीज पोलिसांतला आजेंत (एजंट) कासिमिरो मोंतेरो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे विरोधक जनरल उंबेर्तु देल्गादु यांच्या १९६५ मधल्या खुनात हाच माणूस होता, पुढे पोर्तुगालच्या न्यायालयाने त्याला गैरहजेरीत दोषी ठरवलं.

हा माणूस पोलिसाच्या नोकरीने क्रूर केला असं मला वाटत नाही. पण त्याला शोधून, जवळ करून, मोकळा सोडणारं सरकार होतं. सालाझारच्या राजवटीला तसा माणूस हवा होता, तो मिळाला. त्याच दलात साधे गोंयकार शिपाईही होते. आजोबांना पकडायला येणार त्याच्या आदल्या रात्री त्यांतल्याच एकाने निरोप पाठवला होता. म्हणून आजोबा सरसकट शिव्या कधी देत नसत.

तुलना करत नाही, आजचे पोलीस आणि ते यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण खात्यात दहा तऱ्हेची माणसं येतात, आणि कुठल्या तऱ्हेला पुढे करायचं हे वरचा ठरवतो, एवढं मात्र तेव्हाही होतं आणि आताही असेल.

प्राध्यापिका_फोंडा

अस्नोड्याच्या प्रतिसादाने माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. आपण भरतीच्या दाराशीच वेचणी शोधत होतो. वेचणी आत गेल्यावर होत असेल तर? दहा मुलं नोकरीसाठी आली, दहा स्वभावांची. वर्षभरात वरिष्ठांना कळतं कोणाचा आवाज चढतो. त्याला किनारपट्टी, छापे, रात्रीची गस्त. ज्याचा चढत नाही त्याला समन्स वाटणं, कोर्टाची ड्युटी, पासपोर्टची पडताळणी. लोकांना भेटतो तो पहिला. म्हणून शिरसईकरांना वाटतं सगळे तसलेच आहेत, आणि तुमच्या भावासारखा बारीक आवाजाचा मुलगा नेमका किनाऱ्यावर पडला तर त्याच्यापुढे दोनच वाटा: आवाज शिकणं, नाही तर तिथे कुचकामी ठरणं.

खात्यातल्यांनी सांगावं, हे बरोबर आहे का?

निवृत्त_१९८५

बरोबर आहे. "हो मोव आसा", म्हणजे हा मऊ आहे, असा शेरा एकदा पडला की त्या माणसाला कामाचा समजत नाहीत. मी स्वतः दोघांबद्दल तसं बोललो आहे. त्यातला एक पुढे समन्स वाटत राहिला, आणि तालुक्यातल्या प्रत्येक वाड्यावर त्याला चहा मिळायचा. चोरी झाली की माहिती त्याच्याकडे आधी यायची, आमच्याकडे नंतर. आम्ही त्याचा उपयोग करून घेतला, बक्षीस मात्र कधी त्याच्या नावावर लिहिलं नाही.

डिचोली_बाजार

बाकी सगळं पटलं, पण सरकारी खिडकीमागे बसलेला कुठलाही माणूस असाच खेकसतो. त्याला ना धोका, ना रात्रपाळी. मग पोलिसांचंच वेगळं काय?

कोर्टासमोर_मडगाव

कारकुनाच्या मागे लॉकअप नसतं. तोच शब्द, तोच सूर, पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो त्यामुळे.

खाकीतली

कामाच्या तासांबद्दल एक आकडा देते. २०१९ मध्ये कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांनी देशभरातल्या पोलिसांचा अभ्यास केला. सरासरी १४ तास काम, आणि निम्म्या लोकांना आठवड्याची एकही सुट्टी नाही. आमच्याकडे चवथ, शिगमो, कार्निव्हाल, जुन्या गोव्याचं फेस्त, नाताळ, एकतीस डिसेंबर. तुमचा सण तो आमचा बंदोबस्त. तळ्याकाठचे बाब, तुमचा भाऊ माटोळीला घरी होता हेच मला विशेष वाटलं. बहुतेक रात्र काढून आला असेल.

तळ्याकाठचा (मये)

हो. रात्रपाळी करून सकाळी घरी आला होता, दिवसभरात दोन तास झोपला आणि रात्री शिडीवर चढला. हे मला माहीत होतं आणि धागा काढताना मी ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

परवा त्याच्याशी बोललो. तळ्याकडे चालत गेलो होतो, दोघेच. मी सरळ विचारलं, तू घरी कधी कधी ठाण्यातल्यासारखा बोलतोस, हे तुझ्या लक्षात येतं का? रागावेल असं वाटलं होतं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "फोनार कळटा." फोन वाजला की तो बघायच्या आधी घशातून तो आवाज निघतो. "हां, बोल!" आणि पलीकडे आई असते. ती "कांय ना, सहज केल्लो" म्हणून ठेवून देते. त्याला हे महिनोन्महिने माहीत आहे. ठाण्यातला आवाज कधी अंगात आला हे त्याला सांगता येत नाही, पण आईने फोन करणं कमी केलं ते त्याने मोजलं आहे.

बदलीचा अर्ज करणार का विचारलं. म्हणाला, केला तर मोव म्हणतील. निवृत्त काकांचा प्रतिसाद मी त्याला फोनवर दाखवला, त्याने तो दोनदा वाचला. अर्ज करेल की नाही सांगता येत नाही.

घरी मुलाला मी ही फोनची गोष्ट सांगितली. आता आजीला काकाला फोन करायचा असला की आधी हा त्याला माझ्या फोनवरून मेसेज टाकतो, "काका, आजी फोन करतेय." काल रात्री आठला त्याने तो टाकला. तिकडून उत्तर आलं, "पाच मिनिटं थांब, पाणी पितो." पाच मिनिटांनी आईने फोन केला, आणि त्या दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं.